कंपनी वाइनरी घेते तेव्हा चवीचं काय होतं

वरुड तालुक्यातून आलेला प्रश्न असा: "आमचं घरचं छोटं युनिट आहे. बाबांनी सुरू केलं. संत्रा आणि जांभूळ, दोनच वाईन करतो, संत्र्याची कोरडी. पुण्याची एक कंपनी सत्तर टक्के हिस्सा मागते आहे, नाव तेच ठेवू म्हणते. मोठे भाऊ म्हणतात, कंपनी आली की चव गेली समजा, जगभर असंच झालंय. खरंच असं होतं का?"

भाऊ, तुमच्या मोठ्या भावाचं अर्धं बरोबर आहे. चव जाते, पण ती कंपनी आल्याबरोबर जात नाही. पहिली दोन-तीन वर्षं तर वाईन बहुतेक ठिकाणी सुधारतेच. पुढे बिघडते तिचं कारण साधं आहे. लेबल खपू लागतं, पेट्या वाढवायच्या ठरतात, आणि ज्या वावरातल्या फळावर ते लेबल उभं राहिलं ते वावर काही वाढत नाही. मग बाहेरचा माल आत येतो. मशीन, लॅब, मॅनेजर हे सगळं त्यानंतरचं.

मी वर्धा जिल्ह्यातला. सत्तरच्या दशकापासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातला पोरगा वाइनमेकर झाला म्हणून घरी अजून टोमणे ऐकतो. नाशिककडे द्राक्षाच्या वाइनऱ्यांत बरीच वर्षं काढली. काही घरच्या होत्या, काही कंपनीच्या. एकीत शिरलो तेव्हा ती घरची होती, बाहेर पडलो तेव्हा कंपनीची झाली होती. आता गावी राहून फळप्रक्रियेच्या युनिटांना सल्ला देतो, म्हणून संत्र्याचंही थोडं कळतं.

आधी घरच्या वाइनरीबद्दल जे कुणी तोंडावर बोलत नाही ते बोलतो. घरची वाईन म्हणजे चांगली वाईन असा काही नियम नाही. मी चाखलेल्या निम्म्याहून अधिक घरच्या फळवाईनला व्हिनेगरचा वास होता. टाकी अर्धी रिकामी ठेवलेली, वर हवा, खाली वाईन. वाईन टिकवायचं सल्फाइट अंदाजाने घातलेलं. आणि आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात लाइट गेली की चिलर बंद. संत्र्याच्या रसाला पंधरा ते अठरा अंशांवर सावकाश आंबू द्यायला हवं, तो तीस-बत्तीसवर चार दिवसांत उकळल्यासारखा संपतो. सुगंध हवेत जातो, खाली राहतो नुसता अल्कोहोल आणि आंबटपणा. बाबांचं फळावर कितीही प्रेम असलं तरी त्याने हे थांबत नाही. जनरेटरने थांबतं. कंपनी जनरेटर आणते, स्टीलच्या टाक्या, टाकीतली हवा हटवायला नायट्रोजन आणि आम्लता रोज मोजणारी एक पगारी मुलगी आणते. हे सगळं चवीच्याच बाजूचं आहे.

आता जगाचं. भावाला एक जोडी सांगा, दोन्ही सौदे एकाच काळातले.

फ्रान्सच्या बोर्दो भागातली शॅतो लातूर ही वाइनरी. ती १९६३ मध्ये जुन्या घराण्याच्या हातून गेली आणि बहुतांश हिस्सा इंग्लंडच्या पिअर्सन या उद्योगसमूहाकडे आला. फ्रान्समध्ये तेव्हा ओरड झाली. पुढच्याच वर्षी नव्या मालकांनी रस आंबवायची जुनी लाकडी पिंपं काढून स्टीलच्या टाक्या बसवल्या, पुन्हा ओरड. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. १९६६ च्या पिकापासून कोवळ्या वेलींचा आणि थोडा कमी प्रतीचा माल वेगळ्या नावाने काढायला सुरुवात केली, 'ले फोर्त द लातूर'. म्हणजे मुख्य लेबलमधून माल काढून घेतला. घराण्याने केलं नाही ते कंपनीने केलं. लातूर आजही बोर्दोच्या पहिल्या रांगेत आहे.

दुसरं कॅलिफोर्नियातलं इंगलनुक. नापामध्ये १८७९ ला सुरू झालेली वाइनरी. संस्थापकाच्या घरातलेच जॉन डॅनियल ती चालवत. एखाद्या वर्षी वाईन मनासारखी झाली नाही तर तो माणूस ती आपल्या नावाने विकतच नसे, मोकळ्या भावात काढून टाकी. असा मालक पैसा कुठून मिळवणार? १९६४ मध्ये त्यांनी इंगलनुक विकली. घेणारी युनायटेड व्हिंटनर्स ही कंपनी कुणाची होती? द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थेची! आपल्या महाराष्ट्रात हे वाचून काहींना घाम फुटेल. सभासदांची द्राक्षं कुठेतरी खपवायची होती आणि इंगलनुकचं नाव चालत होतं. १९६९ मध्ये ह्यूब्लाइन या दारू कंपनीने पुढचा घास घेतला. काही वर्षांत ते नाव स्वस्त, मोठ्या बाटलीतल्या वाईनवर आलं. त्या वाईनची द्राक्षं नापाच्या त्या बागेतली नव्हतीच. चित्रपट दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९७५ मध्ये त्या जागेचा एक भाग घेतला, १९९५ मध्ये जुनी इमारत आणि उरलेली बाग घेतली, पण 'इंगलनुक' हे नाव परत मिळायला २०११ उजाडलं.

या जोडीतून मला कळतं ते हे. पिअर्सनने बाग विकत घेतली होती आणि नाव तिच्याबरोबर आलं. इंगलनुक विकत घेणाऱ्यांना हवं होतं नाव, बाग सोबत आली. आपल्याकडे उभी बाग घेणारा व्यापारी असतोच ना? बहार त्याचा, झाड तुमचं. तो फळ तोडून घेऊन जातो, डिंक्या लागला की नाही ते तुम्ही बघा. नाव विकत घेणारी कंपनी तशीच वागते, फक्त इथे झाडही तिच्याच ताब्यात असतं.

नावाच्या सौद्यांना आता लपवाछपवीही राहिली नाही. २०१५ मध्ये कॉन्स्टेलेशन या अमेरिकी दारू कंपनीने 'मायोमी' हा वाईनचा ब्रँड ३१.५ कोटी डॉलरला घेतला. त्यात बाग नव्हती, वाइनरीही नव्हती. होतं ते नाव, साठा आणि द्राक्षपुरवठ्याचे करार. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, तोच ब्रँड इतर स्वस्त ब्रँडांच्या गठ्ठ्यात दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला.

कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट मोंडावी यांचं उदाहरण भाऊ नक्की देतील, कारण तेच सगळ्यांना ठाऊक असतं. घरच्या वाइनरीतून भावाशी भांडून बाहेर पडलेल्या या माणसाने १९६६ मध्ये स्वतःची वाइनरी काढली आणि २००४ मध्ये कॉन्स्टेलेशनने ती कर्जासकट सुमारे १३६ कोटी डॉलरला घेतली. लोक म्हणतात, कंपनीने बुडवलं. मला ते पटत नाही. शेअर बाजारात ते १९९३ मध्येच गेले होते, आणि 'वुडब्रिज' नावाची स्वस्त वाईन त्याच्याही आधीपासून घरच्यांनीच वाढवत नेली होती. मोंडावी म्हटलं की भारी वाईन, ही ओळख पातळ करायचं काम घरात असतानाच झालं. कंपनीने तयार पायवाट घेतली.

घराणं म्हणजे चवीचा राखणदार असं ज्याला वाटतं त्याने पेनफोल्ड्सकडे बघावं. ऑस्ट्रेलियातली सगळ्यात नावाजलेली वाईन, ग्रेंज, पेनफोल्ड्सचे वाइनमेकर मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ पासून करायला घेतली. सुरुवातीला चाखणाऱ्यांना ती आवडली नाही आणि १९५७ मध्ये वरिष्ठांनी बंद करायला सांगितलं. कंपनी तेव्हा पेनफोल्ड घराण्याच्याच ताब्यात होती. शुबर्ट यांनी पुढची तीन पिकं गुपचूप केली, १९६० मध्ये परवानगी परत मिळाली. पुढे घराणं गेलं, मालक बदलत राहिले, ग्रेंज टिकली. पण त्याच कंपनीचा आजचा वंशज, ट्रेझरी वाईन इस्टेट्स, याने २०१३ मध्ये काय केलं तेही ऐका. अमेरिकेतल्या वितरकांकडे इतका माल ढकलला होता की जुनी झालेली स्वस्त वाईन नष्ट करावी लागली, एकूण फटका १६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा. तिमाहीचा आकडा दाखवायचा म्हणून पेट्या पुढे सरकवल्या की असं होतं. द्राक्षाची लाल वाईन शेल्फवर थोडी तरी तग धरते. संत्र्याची वाईन आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर वर्षभरात तपकिरी पडते. तुमच्या बाबतीत हा धोका मोठा आहे, तो लक्षात ठेवा.

आपल्या देशातलं थोडक्यात. नारायणगावची इंडाज ही चौगुले घराण्याची कंपनी. तिला कुणी गिळलं नाही, तीच २००८ च्या सुमारास परदेशात वाइनऱ्या घेत सुटली आणि कर्जाखाली गेली, द्राक्ष बागायतदारांचे पैसे अडकले. दिंडोरीची चारोसा आणि बारामतीकडची फोर सीझन्स या तर जन्मतःच बड्या उद्योगांच्या वाइनऱ्या होत्या. पैसा होता, यंत्रं उत्तम होती, वाईनही चांगली होती. तरी २०१८ च्या आसपास दोन्ही ग्रोव्हर झाम्पा या वाईन कंपनीकडे गेल्या. बड्या उद्योगाला कंटाळा येतो, हेही गणितात धरा. आणि गंगावऱ्हेची यॉर्क, घरची वाइनरी, २०२१ मध्ये सुलाने घेतली, लेबल चालू ठेवलं. तिचं कसं होतं हे चाखूनच ठरवायचं, आत्ता निकाल द्यायला मी तयार नाही.

आता संत्र्याकडे येऊ. खरा विषय तिथे आहे, आणि द्राक्षवाल्यांना तो कळत नाही.

संत्र्याचा रस काढला की गोड लागतो. चार-सहा तास ठेवा किंवा गरम करा, कडू होतो. फळात लिमोनिनचा एक बिनचवीचा पूर्वघटक असतो, रसातल्या आम्लाने तो हळूहळू कडू लिमोनिनमध्ये बदलतो. तो सगळ्यात जास्त असतो बियांत आणि मधल्या पांढऱ्या गाभ्यात. फळ पिकत जाईल तसा कमी होतो. म्हणजे कडूपणा दोन ठिकाणी ठरतो, तोडणीच्या तारखेत आणि रस काढायच्या पद्धतीत. तुमच्याकडे बायका हाताने साल काढतात, फोडी हलक्या दाबतात, बी फुटत नाही. कंपनी आली की पहिलं मशीन येईल ते स्क्रू प्रेस किंवा पल्पर. तासाला टनाच्या हिशोबाने चालतं, बी फुटते. अख्खं फळ सालीसकट दाबलं तर सालीचं तेल रसात उतरतं, आणि ते तेल यीस्टला मारक असतं. आंबणं अडतं, मग जास्त यीस्ट, जास्त उष्णता. शेवटी कडू आणि उग्र वाईन हातात येते.

यावर कंपनीचे दोन उपाय ठरलेले. एक, रेझिनच्या कॉलममधून रस फिरवून कडूपणा काढायचा. कडूपणा जातो, सुगंधाचा काही भागही जातो. दोन, साखर वाढवायची. संत्र्याच्या रसात दहा-अकरा ब्रिक्सच असतात, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. अकरा-बारा टक्के अल्कोहोलसाठी वीस-बावीसपर्यंत साखर घालावीच लागते, एका ब्रिक्सला साधारण अर्धा टक्का अल्कोहोल. इथपर्यंत तुम्हीही घालता. त्यानंतर चवीसाठी पुन्हा घातली की ती वाईन गोड सरबताकडे जाते, आणि खप मात्र वाढतो. हे मी रागाने म्हणत नाही. नागपूरच्या हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाइकाला गोडच आवडते. पण तुमच्या बाबांची वाईन कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, आहे असं तुम्ही लिहिलंय, तर ती पहिली जाईल.

तारखेचा प्रश्न त्याहून जड आहे. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबरपासून येतं, मृगाचं फेब्रुवारीच्या पुढे. माझ्या मते वाईनला मृगाचं फळ सरस. पण मृग बहार दर वर्षी भरवशाचा नसतो, झाडाला पाण्याचा ताण नीट बसला नाही की संपलं. कंपनीचा खरेदी विभाग म्हणणार, टाक्या नोव्हेंबरात भरा, आंबियाची चुरी स्वस्त मिळते. लहान, हिरवट, आंबट फळ. पूर्वघटक भरपूर. पुढच्या वर्षी म्हणणार, कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आटवलेला रस, घ्या, बारमाही चालेल. त्या दिवशी तुमच्या लेबलचा वरुडशी संबंध संपला. 'नागपूर संत्रा' या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण वाईनच्या बाटलीत कुठला रस आहे ते गिऱ्हाइकाला जिभेवर कळत नाही, म्हणून ते कागदावर बांधून घ्यावं लागतं.

जांभळाचं उलट आहे. हंगाम पावसाच्या तोंडावर, दोन-तीन आठवड्यांचा. फळ तडकतं, वाटेतच आंबायला लागतं. कंपनीकडे गोठवायची सोय असेल तर जांभळाची वाईन नक्की सुधारेल. गोठवलेल्या फळाची साल मऊ पडते, रंग चांगला सुटतो. तिथे भावाला सांगा, कंपनीच बरी.

आणि घरच्या माणसांनी स्वतःला एक विचारावं, विकायचं का निघालं? कंपनीने गळा धरलाय असं क्वचितच असतं. खेळतं भांडवल नाही, पुढची पिढी हिंजवडीला, भावाभावांचं पटत नाही. त्यात आपल्या भागात बाजारच तुटका. वर्धा बंद, गडचिरोली १९९३ पासून बंद, चंद्रपूर २०१५ ते २०२१ बंद होतं. एका छोट्या लेबलला उरतं नागपूर आणि अमरावती. पुण्या-मुंबईच्या दुकानात शिरायचं तर वितरक हवा, तो कंपनीकडे आहे. हे कारण खरं असेल तर सत्तर टक्के कशाला? वितरणाचा वेगळा करार होतो का ते आधी विचारा. मला वाटतं तुमच्या आकाराच्या युनिटने आधी तेच करून बघावं.

सौदा करायचाच असेल तर किमतीची फोड मागा. जमीन, टाक्या, साठा यांचे किती आणि नावाचे किती. मोठा आकडा नावासमोर असेल तर पेट्या वाढवायचा बेत आहे, वेगळं विचारायची गरज नाही.

मग करारातलं ते कलम बघा ज्याला लोक भुलतात. 'आत्ता इतके, आणि तीन वर्षांत खप इतका झाला तर उरलेले.' दिसायला छान, पण या कलमाने वाईन पातळ करायचं काम तुमच्याच हातून होतं. उरलेले पैसे मिळवायला तुम्हीच चुरी घ्याल, तुम्हीच साखर वाढवाल, आणि तीन वर्षांनी कंपनी म्हणेल, आम्ही कुठे काही बदललं? उरलेली रक्कम खपाला नाही, प्रतीला बांधून घ्या. बाहेरच्या लॅबचा अहवाल, उडणारी आम्लता, म्हणजे व्हिनेगरचा आंबटपणा, ठरावीक मर्यादेच्या आत, आणि फळ वरुड-मोर्शी पट्ट्यातलं, खरेदीच्या पावत्यांसह. तोडणीची तारीख आणि बहार ठरवायचा हक्क लेखी तुमच्याकडे किंवा तुमच्या वाइनमेकरकडे ठेवा. अमेरिकेतल्या रिज या वाइनरीचं उदाहरण इथे कामाचं आहे. ओत्सुका या जपानी औषध कंपनीने १९८६ मध्ये ती घेतली, पण पॉल ड्रेपर हे वाइनमेकर २०१६ पर्यंत तिथेच राहिले आणि वाईन काय करायची ते तेच ठरवत राहिले. औषध कंपनीने वाईन बिघडवली असं कुणी म्हणत नाही.

पेट्या वाढवायच्या तर लातूरसारखं दुसरं लेबल काढा. बाहेरचा माल, गोड वाईन, सगळं त्यात जाऊ द्या. त्याला हरकत घेऊ नका, त्याच पैशावर पहिलं लेबल जगेल. आडनाव बाटलीवर असेल तर ते कंपनीला मालकीने देऊ नका, वापरायला द्या, आणि कंपनी पुढे विकायला निघाली तर पहिला हक्क तुमचा, हे लिहून घ्या. कंटाळा आल्यावर ती विकणारच.

सही करण्याआधी आत्ताच्या दोन्ही वाईनच्या काही पेट्या बाजूला काढून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा, लॅबचा अहवाल सोबत जोडून. नंतर चव बदलली का यावर भांडण होईल तेव्हा तुलनेला काहीतरी हवं. संत्र्याची फार टिकणार नाही, जांभळाची टिकेल, म्हणून संत्र्याचा अहवाल जास्त तपशिलात करून घ्या, शक्य असेल तर लिमोनिनसकट.

आणि पुढच्या बैठकीला कंपनीचे लोक आले की त्यांना बॅलन्सशीट नंतर दाखवा. आधी विचारा, या वर्षी आंबियाचं घेणार की मृगाचं, आणि फळ बघायला वावरात कोण येणार. उत्तर वाइनमेकरने दिलं तर बोलणी पुढे न्या. खरेदी मॅनेजरने दिलं तर किंमत वाढवून मागा, कारण मग ते फक्त नाव घेताहेत आणि नावाची किंमत त्यांनी सांगितली त्याहून जास्त आहे.